सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ब्राझीलचं आरमार

सासूबाईंचा जुना ओटा फुटला तो निव्वळ जावयाच्या शब्दावर. एरवी त्या जावयाने केलेला चहासुद्धा आधी निरखून मगच प्यायच्या. पण जावई पडला स्वयंपाकघरं डिझाइन करणारा, आणि त्यांचे गुडघे काही ऐकेनात. शेवटी लेकीच्या भुणभुणीला कंटाळून त्या एकदाच्या हो म्हणाल्या आणि काम होईतो तिच्याकडेच मुक्कामाला आल्या.

"आईने पहिल्यांदा तुझ्यावर भरवसा टाकलाय," बायकोने बजावलं. "घोळ घातलास तर मी तुला ओळखतसुद्धा नाही. आणि ते जहाज जरा बाजूला ठेव, ॲडमिरल!"

जहाज म्हणजे साधंसुधं नव्हे, युद्धनौका. दिवसभर लोकांच्या सिंकची मापं काढून झाली की हा गडी तिचे नकाशे काढत बसायचा. त्याच्या मनातल्या इतिहासात ब्राझीलच्या रबराचा भाव कधी पडलाच नव्हता, त्यामुळे तो देश गडगंज आणि त्याचं आरमार असं, की भल्याभल्यांनी टरकावं. अशी कधीच न झालेली जहाजं काढणाऱ्या जगभरच्या मंडळींचा एक ग्रुप होता. एक निवृत्त दंतवैद्य त्यांचा म्होरक्या, आणि त्याने यंदा चक्क स्पर्धा लावली होती.

सासूबाईंच्या ओट्याचा आणि स्पर्धेतल्या जहाजाचा, दोन्ही नकाशे ऑफिसच्याच छापील चौकटीत काढलेले. एका दुपारी डबा खाता खाता त्याने एक ओटा बांधणाऱ्या सुतारकाकांना पाठवला, एक दंतवैद्याला, आणि निवांत ताक प्यायला.

मग सुतारकाकांचा फोन आला. "साहेब, हे चार गोल दाखवलेत, ते फिरते ठेवायचे ना?"

कोपऱ्यातल्या फिरत्या फळ्यांबद्दल विचारतायत, असं याला वाटलं. "अर्थात फिरते! कुठे अडकता कामा नयेत."

"आणि मधोमध ती मोठी नळकांडी?"

ही चिमणी असणार. "नकाशात आहे तसं करा हो काका. दर वेळी मला काय विचारता?"

"मापं मात्र अवाढव्य होती. मी आपली खोलीत बसतील अशी करून घेतली."

"शाब्बास!" म्हणून याने फोन ठेवला. त्यानंतर सुतारकाकांनी खरंच काही विचारलं नाही. आणि याने तोवर दुसरं जहाज काढायला घेतलं होतं, त्यामुळे तिकडे फिरकायचंही राहून गेलं.

काम संपलं, सासूबाई आपल्या घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी दंतवैद्याचा निरोप आला: 'कल्पना धाडसी आहे. पण तोफ एकही दिसत नाही. आणि जहाजाच्या नाकाशी भांडी घासायची सोय कशासाठी?'

वाचून त्याने पाठवलेले दोन्ही नकाशे पुन्हा उघडून पाहिले. ऑफिसात कुणाला काही न सांगता तो तडक सासुरवाडीला निघाला. बायकोला फोन करायचा धीर काही झाला नाही.

स्वयंपाकघराच्या दारातच तो थबकला. खोलीच्या मधोमध भलाथोरला ओटा, पुढे निमुळता होत गेलेला. त्यावर चार गोल बुरूज, आणि बुरुजांतून निघालेल्या लाकडी नळ्यांवर फडकी वाळत घातलेली. शेगडीच्या वर दोन धुराडी. काम मात्र देखणं झालं होतं, हे त्या अवस्थेतही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

सासूबाई ओट्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आई, चुकलं माझं. मी आजच्या आज हे सगळं उखडून—"

"खबरदार हात लावाल तर!" त्यांनी एका बुरुजाला टिचकी मारली. साखरेचा डबा गरकन समोर आला. दुसऱ्याला मारली, मीठ आलं. "उठायला नको, वाकायला नको. किती वर्षांनी गुडघे न चोळता स्वयंपाक झाला माझा! आणि दाराकडे रोखलेलं हे पुढचं टोक तर फारच छान. कालपासून शेजारीण आत लुडबुडायला आलीच नाही."

जावयाच्या जिवात जीव आला. इतका आला, की त्याने खरं काय ते सांगून टाकलं आणि ओट्याचा खरा नकाशाही मोबाइलवर उघडून दाखवला. सासूबाईंनी चष्मा चढवून तो सावकाश पाहिला.

"हे तुम्ही मन लावून काढलंत?"

"हो. कामच आहे ना ते माझं."

"आणि ते जहाज?"

"ते आपलं गंमत म्हणून."

सासूबाईंनी मोबाइल त्याच्या हातात परत ठेवला. "मग जावईबापू, यापुढे ऑफिसात गंमतच करत जा."