साहेबासकट हार

"ह्यावर कुणाचाबी इश्वास बसायचा न्हाई, पर मी एक आख्खा कस्टमचा साहेब गुलाबाच्या नावाखाली हॉलंडला धाडलाय!"

चाकणच्या टपरीवर एवढं बोलून आबाजींनी बशीतला चहा भुरकला. समोर ज्योतीराम बसला होता. लातूरकडचा, शिफ्ट संपवून आलेला, आणि मुख्य म्हणजे आबाजींच्या थापांना अजून नवा! असा श्रोता म्हणजे आबाजींना दिवाळीच!

"ते कसं काय हो, आबा?"

मग काय विचारता! आबाजींच्या मुलाचा, नवनाथचा, गुलाबाचा पहिलाच माल परदेशी चालला होता. विमान चुकलं तर फुलं सुकणार, गिऱ्हाईक तुटणार, आणि 'शेती सोड, कंपनीत लाग' म्हणणारे भाऊबंद दात काढणार. तपासणीला कस्टमचा साहेब थेट शेडवर येणार होता. आता एवढा साहेब दारात येतो आणि त्याचा सत्कार नाही? अहो, आमच्या पिंपरी-चिंचवडात नळाला पाणी आलं तरी सत्कार होतो! शाल आली, फेटेवाला आला. राहिला हार.

"घरात गुलाबाचा डोंगर असताना झेंडू इकत आणू व्हय?" आबाजी म्हणाले. त्यांनी एका खोक्यातली सगळी फुलं खुडली, बैलाच्या कासऱ्याएवढा हार ओवला, आणि देठं वाया नकोत म्हणून खोक्यात पुन्हा नीट रचून ठेवली.

साहेबानं नेमकं तेच खोकं उघडलं!

"साहेब वरडला, 'कागदावर ताजी फुलं, अन् हितं नुस्ता पाला! कस्टमच्या यादीत पाल्याचा वर्ग येगळा, फुलांचा येगळा! माल थांबवा!' नवनाथ पांढराफटक. कागदं बघणारी आमची सूनबाई, सायली, रडकुंडीला."

"मग?"

"मी म्हनलं, साहेब, फुलं कुठं जात्यात? तुमच्याच गळ्यात हायेत की!"

ज्योतीरामचा चहा नाकात गेला.

"साहेब म्हनला, 'खरंय! हार बी फुलांतच धरत्यात. दोरा, जरीची तार, असल्या सोबतच्या सामानाकडं बघायचंच न्हाई. घाला हार खोक्यात!' पर हार निघंना! डोक्यावर फेटा परातीएवढा. मानाचा फेटा, भर सत्कारात उतरवत्यात व्हय? अन् हार तोडावा तर पाकळ्यांचा चुरा!"

"आता हो?"

"डोकं लढवलं! म्हनलं, साहेब, दोऱ्याकडं बघायचं न्हाई, तर तुमच्याकडं तरी कशाला बघायचं? तुमी बी फुलांसोबतचं सामानच! साहेबाला पटलं. माणूस कायद्याचा पक्का! सोताच वजनकाट्यावर चढला, सोताच शिक्का मारला, अन् मुकाट खोक्यात आडवा झाला. गारठा लागू नये म्हनून मीच शाल पांघरली. हॉलंडवाल्यानं ताजा माल म्हनून उतरवून घेतला बघ!"

ज्योतीराम आ वासून ऐकत राहिला. मागे स्कूटी येऊन थांबलेली आबाजींना कळलीच नाही.

"आबा!" सायली हेल्मेट काढत सगळ्या टपरीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "साहेबांनी हाराला हातसुद्धा लावला नाही! 'आम्हाला सत्कार चालत नाही' म्हणाले, तेवढं एक खोकं बाजूला काढलं आणि बाकीचा माल सोडला. फेटा बांधून, हार घालून खोक्यात बसला होतात तुम्ही! 'माझ्यासकट मोजा, पर पोराचा माल अडवू नगा' म्हणत! साहेबांनी आणि ह्यांनी दोन्ही बाजूंनी धरून बाहेर काढलं तुम्हाला!"