पाण्याच्या मोर्च्याचा मांडव

गायत्रीला मोर्च्यासाठी भलामोठा कापडी फलक छापायचा होता आणि छापायला यंत्रच नव्हतं. परमुलखात, पर्वत पाटियाजवळ वसलेल्या तिच्या खानदेशी गल्लीला नळ नव्हता. मागे अर्ज घेऊन गेली, तेव्हा पालिकेतल्या गुजराती साहेबांनी विचारलं होतं, "चार घरांसाठी नळ?" तशाच बिननळाच्या समोरच्या मोठ्या गल्लीने साथ दिली असती, तर घरं भरपूर झाली असती. पण तिथल्या कलाबाईंचं ठाम मत होतं की मोर्च्याने नळ येत नाही, फक्त पाय दुखतात.

"यंत्र कशाला?" चित्रं काढणारा श्रीरंग म्हणाला. एका शिबिरात मनिलाच्या कार्यकर्त्यांकडून तो युक्ती शिकून आला होता. "लाकडावर चित्र कोरायचं, शाई फासायची, वर कापड अंथरायचं आणि सगळ्यांनी मिळून तुडवायचं."

गल्लीतल्या घराघराने प्लायवूडचा एकेक तुकडा कोरला. रविवारी ते तुकडे जोडून चौकात मांडले. शाई उन्हात सुकू नये म्हणून वर मांडव घातला. गायत्री बी.एस्सी. झालेली, दाब सगळीकडे सारखा हवा, असं तिने बजावलं. पण पाय कुणाचा कुठे, कुणाचा कुठे! ते एका लयीत पडावेत म्हणून तिने उखाला ढोल दिला. उखा लग्नाच्या बँडमधला. त्याला दुसरं काही वाजवताच येत नव्हतं.

थोड्याच वेळात समोरची मोठी गल्ली मांडवाच्या दारात उभी राहिली. बायका ठेवणीतल्या साड्यांत, म्हातारे धुडकू हातात नारळ घेऊन, आणि सर्वांत पुढे कलाबाई.

"पोरी, तुन्हं लगीन शे आनि माले सांगं बी नही?"

"लग्न नाही, आत्या!"

"मंग मांडव कसाना? ढोल कसाना? आनि नवरदेव हाऊ का, डोकाले टावेल गुंडाळेल?"

श्रीरंगने घाईघाईने टॉवेल सोडला. तो इतका लाजला की उरलासुरला संशयही फिटला.

गायत्रीने शाई, लाकूड, मनिला, सगळं समजावलं. कलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे जेवन बी नही?"

"नाही."

"आनि मी चुल्हा बंद करीसन उनू!"

मंडळी परत वळली. उद्याच्या मोर्च्याला हवी तेवढी गर्दी परत चालली, हे गायत्रीला दिसत होतं. फिजिक्समध्ये यावर उपाय नव्हता, खानदेशात होता.

"आत्या, मान तुमचा. पहिला पाय तुम्ही टाका."

कलाबाई थबकल्या. मान नाकारता येत नाही. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि कापडावर चढल्या. मग कोण मागे राहणार? उखाला चेव आला. मघाशी फिकट राहिलेले कोपरेही काळेभोर उठले. कापड उचललं, तर हंडे घेतलेल्या बायकांची लांबच लांब रांग!

"नाचनूत ते खरं," धुडकू म्हणाले. "आते वरात कोठे?"

वरात काढल्याशिवाय मांडवातून घरी जायची रीत नव्हती. ओला फलक मांडवातच वाळत ठेवून उद्याचा मोर्चा आजच निघाला.

रविवार असूनही साहेब कचेरीच्या फाटकात भेटले. ढोल, नटलेल्या बायका, नारळ. त्यांचा चेहरा खुलला. "लगन छे? अरे बेन, पहले बोलना था! लगन के लिए टँकर अभी भेजता हूँ."

चूक दुरुस्त करायला गायत्रीने तोंड उघडलं. पण कलाबाई आधी बोलल्या. "साहेब, आमनाकडे रोज लगीन शे."

गायत्रीने मागे पसरलेली गर्दी पाहिली आणि तोंड मिटलं.

टँकर रोज येऊ लागला. टँकर जरा चुकला, की ढोल आणि गर्दी पुन्हा फाटकाशी. शेवटी रोज टँकर धाडण्यापेक्षा नळ परवडतो, हे साहेबांना पटलं.

पहिलं पाणी आलं, तेव्हा गायत्रीने कलाबाईंचे पाय धरले. "आत्या, तुम्ही आलात म्हणून झालं."

"ऊठ व पोरी," कलाबाईंनी तिला उभं केलं. भरलेला हंडा कमरेवर घेतला आणि गल्लीतल्या तुंबलेल्या सांडपाण्याकडे बोट दाखवलं. "आते गटारनं लगीन कधी लावानं शे, ते सांग."