मोरी नसलेला हौद

कळमनुरीत कुणाच्याही हौदाच्या आतल्या अंगाला कोळशाची रेघ दिसली की समजावे, चाँदभाई मिस्त्री येऊन गेले. पाण्याच्या पातळीवर ते रेघ ओढत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होत. पाणी रेघेखाली गेले असले की मालकाला हाक मारून विचारत, "हौद बांधला का चाळणी?" कुणी बोलावलेले नसे. कोळसा कायम खिशात, त्यामुळे त्यांचा पांढरा सदरा कधी पांढरा राहिला नाही.

त्यांनी स्वतः बांधलेल्या हौदातले पाणी ऊन नेईल तेवढेच जाई, आणि तेही त्यांना आवडत नसे. चुना आठ दिवस भिजवून, बैलघाणीत मळून, त्यात गूळ आणि बेलाचा गर घालून ते गिलावा करीत. पाणी काढून द्यायला तळाला मोरी ठेवायची म्हटले की ठाम नकार. "मोरी म्हंजे राजीखुशीनं ठेवलेली गळती." बाजारातला गुरांचा हौद हे त्यांचे सर्वांत मोठे काम, आणि घरही त्याच्या समोरच. बैलाने पाणी पिऊन मान वर केली की चाँदभाई ओट्यावरून "व्वा!" म्हणत. बैलाला की हौदाला, हे विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत हिवतापाने निम्मे गाव अंथरुणाला खिळले. तहसिलीने साचलेल्या पाण्याची यादी करायचे काम माझ्यावर, म्हणजे शाळामास्तरावर टाकले. मी ते रीतसर केले. विहिरी, हौद, वीटभट्टीचे खड्डे, आणि प्रत्येकासमोर मालकाचे नाव. मग लांब दांड्याची पळी घेऊन मलेरियाचे इन्स्पेक्टर आले. गणपत मिस्त्रीचे हौद चार दिवसांत गळून कोरडे होत, त्यांत काहीच सापडले नाही. चाँदभाईंच्या हौदातून पळी वर आली ती वळवळत्या अळ्या घेऊन.

"इसमें लार्वा है," इन्स्पेक्टर म्हणाले.

"लावारिस?" चाँदभाई उसळले. "साहेब, हौदाचा वारिस म्या जिता हाय की हितं!"

मी समजावले, या अळ्यांचे डास होतात, डासामुळे हिवताप पसरतो, आणि या डासाला साचलेले नितळ पाणीच लागते.

"पाण्यातून मच्छर? मंग मासे झाडाला लागत असतील! अन् पाणी नितळ ठिवलं हा गुन्हा व्हय? त्या गणप्याच्या चाळण्या पास, अन् माहा हौद नापास?"

हुकूम निघाला. पंधरा दिवसांनी पुन्हा अळ्या दिसल्या तर हौद मातीने बुजवायचा. अळ्या मारायला गुरांच्या पाण्यात घासलेट ओतता येत नव्हते, आणि लढाईमुळे ते मिळतही नव्हते. चाँदभाई एवढेच म्हणाले, "बुजवा. पर आधी मला त्यात पुरा."

वाद घालत बसणे माझ्या स्वभावात नाही. मी काचेच्या बरणीत हौदाचे पाणी अळ्यांसकट भरले, तोंडाला मलमल बांधली आणि बरणी त्यांच्या ओट्यावर ठेवली. "नुसते बघा," म्हणालो.

चौथ्या दिवशी बरणी छातीशी धरून ते शाळेत आले. आत, काचेला चिकटून, शेपटाकडून वर उचललेले, हिवतापाचेच डास बसले होते.

"मास्तर, हे कुठवर उडतात?"

"गावभर."

"मंग समोरच्या घरात तर येतच असतील."

समोरचे घर त्यांचेच. सकीनाभाभी दर पावसाळ्यात थंडीतापाने कुडकुडत पडत, हे मला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते.

"काकडी-वाळूक खाल्लं की हिवताप येतो म्हणतात. सहा वरसं म्या तिला वाळूक खाऊ देलं न्हाई. तिचा भाऊ डोंगरकडा गावाहून टोपलं भरून आणायचा, म्या दारातूनच वापस करायचो. ती नुसता वास घ्यायची." त्यांनी बरणी माझ्या टेबलावर ठेवली. "अन् ताप तर म्याच बांधला व्हता, मास्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छिन्नी घेऊन रिकाम्या केलेल्या हौदात उतरले. गणपत मिस्त्री मदतीला आला, त्याला हात लावू दिला नाही. त्यांचाच चुना, दगडासारखा. भोक पडायला तीन दिवस लागले. बाभळीचे बूच बसवले. दर आठवड्याला बाजार उठला की हौद कोरडा करायचा, असे ठरले. इन्स्पेक्टरांची पळी पुढच्या खेपेला रिकामी वर आली. मग चाँदभाई आपण बांधलेल्या प्रत्येक हौदाला मोरी पाडायला गावोगाव पायी फिरले, कुणाच्या हुकुमाशिवाय. यादीत त्यांच्या नावापुढे मी 'काम पूर्ण' लिहिले. तसा शेरा माझ्या यादीत दुसऱ्या कुणालाच मिळालेला नाही.

पुढच्या बाजारी ते वाळकांच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले दिसले. प्रत्येक वाळूक हुंगून, दाबून, शेवटी एक पिवळेधमक निवडले. आम्ही बरोबरच निघालो. ओट्यावर बसून त्यांनी स्वतः त्याच्या फोडी केल्या.

"ये कायकू लाये जी?" भाभी दारातूनच म्हणाल्या. "बुखार आता ना इससे."

"नई आता. खा."

भाभींनी एक फोड उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि सवयीने पुन्हा ताटलीत ठेवायला निघाल्या.

चाँदभाईंनी त्यांचा हात धरला.