हाजी अब्दल-मौगूद यांची शिफारस

"सात महिने गप्प बसले," नगात चहाचा पेला आदळत म्हणाली. "आता शेवटचं सांगते, हनानचे बाबा. शनिवारपर्यंत नोकरी लागली नाही, तर शिहाताच्या दुकानात जायचं. आणि गल्ल्यावर नाही हं, पिसं काढायला."

शिहाता म्हणजे नगातचा भाऊ. मल्लवीच्या बाजारात त्याचं कोंबड्यांचं दुकान होतं. नगातच्या नवऱ्यानं, रुश्दी उस्तादांनी, बावीस वर्षं नाईलकाठच्या शेतांच्या हद्दी आखल्या होत्या. मोजणीचं कार्यालय बंद पडलं आणि ते घरी बसले. मेव्हण्याच्या हाताखाली कोंबड्या सोलण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीला मोजणीदार हवा होता, म्हणून ते त्याच दिवशी कोर्टासमोर अर्ज टाइप करणाऱ्या मादाम फिर्यालकडे बायोडेटा करून घ्यायला गेले.

"काय केलंत ते नको, त्यातून काय निघालं ते सांगा," मादामनं चष्मा नाकावर ओढला. "आणि आकडे द्या. हल्ली साहेब लोक आकडेच वाचतात."

"चार हजार तीनशे अकरा शेतं मोजली."

"साडेचार हजार टाकते."

"मादाम, मोजणीदारानं असं 'टाकलं' की दुसऱ्या दिवशी दोन भाऊ एकमेकांची डोकी फोडतात."

"बरं बाबा, अकरा. चौघांत मिसळून काम करता की एकटे?"

"फितीचं दुसरं टोक कोणीतरी धरावंच लागतं."

मादामनं 'सहकार्याची वृत्ती' असं टाइप केलं. "आता तीन माणसं द्या. तुमच्या कामाची खात्री देतील अशी. नाव आणि फोन."

घोळ झाला तो इथे. मल्लवीत जमीन आजोबांच्या नावावर असते आणि तिथेच राहते. मुलं नांगरतात, नातवंडं भांडतात, पण दप्तरातलं नाव बदलायला कोणी जात नाही. त्यामुळे बावीस वर्षांत रुश्दी एकच गोष्ट शिकले होते. शेतात उभा राहून जो 'माझं' म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. दप्तरात असेल तेच नाव खरं. हाताला सवय तीच. त्यांनी वही काढली आणि दप्तरातली तीन नावं त्या त्या घरच्या फोनसकट सांगून टाकली.

"ओळखतात ना हे तुम्हाला?"

"तिघांपैकी एकानंही आजवर माझ्याविरुद्ध ब्र काढलेला नाही," रुश्दी अभिमानानं म्हणाले.

गुरुवारी कंपनीचं बोलावणं आलं. त्या दिवशी वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला होता आणि भरदुपारी रस्ता पिवळा पडून दुकानांत दिवे लागले होते. कंपनीच्या दारातल्या बाईनं रुश्दींचं नाव ऐकलं आणि आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. खुरांऐवजी बुटांची जोडी दिसल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तरीही साहेबांच्या खोलीपर्यंत सोडायला ती काही आली नाही.

आत तलअत नावाचे तरुण इंजिनियर, म्हणजे तिथल्या बोलीत बाशमुहंदिस, बसले होते. त्यांच्या हातात रुश्दींचा बायोडेटा होता.

"उस्ताद, ही तीन माणसं तुमची कोण?"

"शेतमालक, बाशमुहंदिस."

"पहिल्या घरी मी स्वतः फोन केला. बाई म्हणाली, 'ते गेले.' मी विचारलं, परत कधी येतील? तर ती हुंदके देऊन रडायलाच लागली."

आपण काय करून बसलो ते आत्ता कुठे रुश्दींच्या डोक्यात आलं. "चुकलं साहेब! ती नावं दप्तरातली..."

"थांबा. दुसऱ्या घरी एक माणूस म्हणाला, 'आजोबा भेटले तर आमच्या दोन फद्दान जमिनीवर त्यांची सही घेऊन ठेवा.' वर माझ्या वडिलांचाही उद्धार केला."

"मी निघतो," रुश्दी उठले. नाकात पिसांचा वास भरला होता.

"बसा! तिसरं नाव राहिलंय." तलअत साहेबांचा आवाज खाली आला. "हाजी अब्दल-मौगूद."

एखादा माणूस घरी आहे का हे विचारायला मल्लवीत 'मौगूद?' एवढंच म्हणतात. म्हणजे, हजर आहे का?

"मी विचारलं, हाजी अब्दल-मौगूद मौगूद? पलीकडे बराच वेळ नुसता वारा. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, 'मौगूद.'"

"नातू असेल," रुश्दी म्हणाले. "थट्टेखोर आहे मेला." पण त्यांचा आवाज त्यांनाच पटला नाही.

"असेल. अर्धा तास बोलले. तुमच्या हाताची फार तारीफ केली. तक्रार एकच. म्हणाले, पूर्वेचा हद्दीचा दगड दोन वीत आत बसलाय. रोज टोचतो."

हाजींच्या शेतातला तो दगड रुश्दींना पक्का आठवत होता. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, खऱ्या जागी पहार शिरत नव्हती, आणि जरा आत माती भुसभुशीत लागली म्हणून त्यांनी दगड तिथेच रोवला होता. वहीत मात्र माप बरोबर लिहिलं. तेव्हा शेतात दुसरं कोणी नव्हतं. ही गोष्ट त्यांनी नगातलासुद्धा सांगितली नव्हती.

पण त्यांच्यातल्या मोजणीदाराला काही राहवेना.

"दोन वीत नाही, साहेब," ते हळूच म्हणाले. "एक वीत आणि चार बोटं."

तलअत साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि खणातून एक यादी काढली. "आमचा रस्ता एक्केचाळीस शेतांतून जातो. सरकारला सह्या हव्यात, त्याही दप्तरातल्याच मालकांच्या. चार मोजणीदार लावून झाले. एकालाही मालक भेटला नाही. तुमचे निदान फोन तरी उचलतात."

"पण बाशमुहंदिस, ती माणसं तर..."

"मला सांगू नका! मला कळलं तर फाइल अडेल. शनिवारी कामावर या."

जिन्यात येऊन रुश्दींनी घरी फोन लावला. "लागली गं नोकरी."

"अल्हम्दुलिल्लाह!" नगात ओरडलीच. "काम काय आहे?"

"शेतमालकांना भेटायचं. सह्या घ्यायच्या."

"भांडखोर तर नाहीत ना हो?"

रुश्दींनी यादीवरून नजर फिरवली. सगळ्यात वर हाजी अब्दल-मौगूद यांचं नाव होतं.

"नाही गं, सगळी शांत माणसं आहेत," ते म्हणाले. "एक तेवढे बोलके आहेत."