हिराइवांच्या खिडकीबाबत

आमच्या गल्लीतल्या हिराइवांनी घरच्या घरी वाऱ्याची दिशा सांगणारं यंत्र बनवलं, ही घटना तशी साधी. पालिकेच्या दप्तरात तिचं 'प्रकरण' होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

हिराइवांना हवा वाचता येत नाही, हे गल्लीत सर्वमान्य आहे. आम्हा जपानी लोकांत हवा वाचणं म्हणजे चारचौघांत काय बोलायचं नाही ते न सांगता ओळखणं. उदाहरणार्थ, डोंगराच्या पायथ्याशी पालिकेची कचरा जाळायची भट्टी आहे आणि तिच्या उष्णतेवर चालणारं सार्वजनिक स्नानगृह आम्हाला फुकट आहे. त्यामुळे 'धूर' हा शब्द इथे कुणी उच्चारत नाही. हिराइवा मात्र त्याच स्नानगृहात, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून विचारतात, "आज धूर जास्तच आहे, नाही?"

त्यांच्या पत्नी फुसाएबाई दम्याने अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, समुद्राचा वारा असेल तर खिडकी उघडा, डोंगराचा सुटला की लावून घ्या. पण अंथरुणातून वाऱ्याची दिशा कळायची कशी? म्हणून निवृत्त वायरमन हिराइवा सायकलच्या चाकाचा जुना आस, पत्र्याचं शेपूट आणि आठ चुंबकी स्विच घेऊन छपरावर चढले. तिथून केबल खाली आणून त्यांनी बायकोच्या उशाशी आठ दिव्यांचं कडं बसवलं. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूचा दिवा लागायचा. महिनाभरात फुसाएबाईंचा खोकला निम्म्यावर आला.

दुर्दैवाने गल्लीचंही लक्ष होतं. हिराइवांची खिडकी मिटली की बायका वाळत घातलेले कपडे भराभर आत घेऊ लागल्या. आठवडाभरात पालिकेच्या निवाबाई आल्या, सोबत आमच्या मंडळाचे अध्यक्ष कुरोसे.

"हिराइवासान, तुमची खिडकी सार्वजनिक सूचना देते आहे," निवाबाई कमरेत वाकून म्हणाल्या. "परवाना आहे का?"

"खिडकीला परवाना?"

"खिडकीला नाही, सूचनेला. शिवाय भट्टीच्या अहवालाप्रमाणे इथे बाराही महिने वारा समुद्राकडून येतो. तुमचा दिवा तर डोंगराचा लागलाय."

"अहो, मग माझं नाक खोटं बोलतंय का?"

"नाकाची नोंद अहवालात नाही."

कुरोसे कानाशी पुटपुटले, "हिराइवासान, जरा हवा वाचा की हो!"

"तेच तर करतोय! चांगलं यंत्र लावून करतोय!"

यावर निवाबाईंनी अत्यंत सौजन्याने तोडगा काढला. यंत्र खुशाल ठेवावं, फक्त ते अहवालाशी जुळवून घ्यावं. म्हणजे दिव्यांचं कडं अर्धा फेरा फिरवावं. समुद्राचा दिवा लागला की खिडकी उघडावीच लागेल, कारण तेव्हा बंद ठेवणं म्हणजे अहवालावर अविश्वास. डोंगराच्या दिव्याला मात्र डॉक्टरांचा सल्ला पाळायला पालिकेची हरकत नाही.

हिराइवा हटून बसले. शेवटी फुसाएबाईच उशीवरून म्हणाल्या, "फिरवा हो. आपल्यापायी सगळ्यांचं स्नानगृह जायला नको."

हिराइवांनी कडं फिरवलं. तेव्हापासून डोंगराचा वारा सुटला की समुद्राचा दिवा लागतो आणि हिराइवा, शब्दाचे पक्के, खिडकी सताड उघडतात. निवाबाई अधूनमधून येऊन खात्री करून जातात.

काल मंडळाची सूचना-पाटी घरोघर फिरत माझ्याकडे आली. 'हिराइवांची खिडकी उघडताच सर्वांनी कपडे आत घ्यावेत व आपापल्या खिडक्या लावाव्यात. कारण विचारू नये.' खाली घरटी एक चौकोन, वाचल्याचा शिक्का मारण्यासाठी. मी वाचत होतो तेव्हा समोरून फुसाएबाईंचा खोकला ऐकू येत होता. थांबतच नव्हता. मला खरंच फार वाईट वाटलं. मी माझी खिडकी लावून घेतली आणि शिक्का मारला.

आता पाटी तुमच्या हातात आहे. इथवर वाचलंत, म्हणजे तुम्हालाही सगळं कळलंय. पुढचा चौकोन तुमचा. शिक्का मारा आणि शेजारी द्या.