स्थिर बाहुलीचा दाखला

इमारतीचा सामायिक जिना झाडायची पाळी या आठवड्यात बसचालक वाल्बुर्गाची होती.

दुसरा चालक एबरहार्ट तीन आठवडे समुद्रकिनारी लोळून काल परतला.

डोळ्याची बाहुली खोटं बोलत नाही, असं थकवा-तपासणीचं परिपत्रक सांगतं.

सात नंबरची पहिली बस चार बावन्नला सुटते.

जर्मनीच्या श्वाबेन भागातल्या आमच्या या बस डेपोत पूर्वी चालक तोंडाने "थकलोय" म्हणायचा आणि घरी जायचा. ही पद्धत अशास्त्रीय होती. आता अंधाऱ्या खोलीत यंत्राचा चष्मा लावून अकरा मिनिटं बसायचं. थकलेल्याची बाहुली अंधारात लहानमोठी होत राहते, ताज्या माणसाची स्थिर राहते. यासाठी चालकांना चाळीस मिनिटं लवकर उठावं लागतं, त्याला शास्त्राचा इलाज नाही. मी पाळ्या लावणारा कारकून. मला यंत्राची चिठ्ठी पुरते.

"आज पाळीतून माझं नाव काढ रे," वाल्बुर्गा आल्या आल्या म्हणाली. "सलग नववा दिवस. त्यात जिना पुसून आलेय, नाहीतर खालची म्हातारी कोपऱ्यात बोट फिरवून बघते. काल सिग्नलला माझा डोळा लागला. मागे शाळेची पोरं होती."

"लागला म्हणजे किती? मोजलंस?"

"तू ना, एकदा माझ्या बसमध्ये बसच."

मी तिला खोलीत पाठवलं. खुर्ची मऊ होती. दुसऱ्या मिनिटाला तिने डोळे मिटले, अकराव्याला घंटेने उघडले.

तपासणारे डॉक्टर नेगेले चिठ्ठी घेऊन बाहेर आले ते भारावूनच. "वाल्बुर्गा किन्त्सलेबाई, बाहुलीत हालचाल शून्य! वीस वर्षांत असा डोळा पाहिला नाही मी."

"पाहणार कसा? मिटलेला होता. झोपले होते मी, डॉक्टर!"

"झोप झालेला माणूस थकलेला कसा असेल?"

झोपेची नऊ मिनिटं मी तिच्या जेवणाच्या सुट्टीतून वजा केली.

एबरहार्टने मात्र नियमाप्रमाणे डोळे टक्क उघडे ठेवले. सुट्टीच्या आठवणीने त्याच्या बाहुल्या लाटांसारख्या हलल्या.

"अतिथकवा. ताबडतोब घरी," डॉक्टर म्हणाले.

"अहो, कालच सुट्टीवरून आलोय! बसून बसून कंटाळलोय."

"तुम्हाला काय कळतंय? इथे तुमचे डोळे सांगतायत."

आता त्याच्या सात नंबरच्या फेऱ्या कोणाला द्यायच्या? यंत्राने ताजं ठरवलेलं माणूस त्या वेळी डेपोत एकच होतं.

वाल्बुर्गाने पाळीपत्रक वाचलं. मग पुन्हा वाचलं. "बरं. निदान कॉफी तरी दे."

"तपासणीनंतर कॉफी घेतली की दाखला रद्द होतो. पुन्हा अकरा मिनिटं."

दाखला मी स्वतः तिच्या सीटमागच्या काचेवर चिकटवला : 'आपला चालक पूर्ण विश्रांत आहे.' तो वाचून प्रवासी निश्चिंत झाले आणि डोळे मिटून बसले.

पाच वाजून सहा मिनिटांनी तिच्या बसमधून तक्रार आली. सिग्नल हिरवा आहे, बस हलत नाही, चालकबाई हाकेला उत्तर देत नाहीत, आम्हाला उशीर होतो आहे.

मी ती 'उशीर' या सदरात नोंदवली.

चार बावन्नची ही फेरी गेल्या वर्षी गावातल्या तुमच्या-माझ्या दोनशे बारा सह्यांच्या अर्जावरून सुरू झाली. सही करणाऱ्यांपैकी तिच्यात रोज तिघं बसतात.