स्टेअरिंग वाकडे, सबब नापास

साहेब, तुम्ही माझी गाडी खिडकीतून पाहिली. दार उघडलं नाही, आत बसला नाही, चावी फिरवली नाही. चिंचेखाली उभ्या गाडीत नुसतं डोकावलात आणि कागदावर लिहिलंत, 'स्टेअरिंग वाकडे, सबब नापास.' पासिंग करणारा माणूस एवढ्यावर गाडी नापास करतो, हा माझा जाहीर आरोप आहे. नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

मी गडमुडशिंगीचा. पिकअप सत्तावीस वर्षांची, आणि तिच्यातून रोज दोन वेळा आमच्या गल्लीचं दूध डेअरीला जातं. सोमवारपर्यंत पासिंग झालं नाही तर ही फेरी हंबीररावच्या नव्या गाडीला जाणार, असं डेअरीनं बजावलं होतं. इतकी वर्षं हातात धरलेलं स्टेअरिंग मला कधी वाकडं वाटलं नव्हतं. पण सरकारी शाईत वाचलं आणि घरी येईपर्यंत दर वळणाला ते वाकडंच दिसायला लागलं.

आमचा मिस्त्री जोतीराम चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेलेला. म्हटलं, त्याची वाट कशाला बघायची? काढायचं, सरळ करून बसवायचं. एकच तर नट आहे. मारक्या म्हशीची धार काढणाऱ्या माणसाला एक नट जड नाही.

गाडी गोठ्यासमोर, उकिरडा चुकवून कडुनिंबाच्या सावलीत वळवून लावली. शेजारचा कृष्णात पान्हा घेऊन आला.

"आधी बॅटरीची वायर काढ."

"हॉर्नचं झाकण काढायला बॅटरी कशाला?"

"बरं. माझी गाडी न्हाय."

झाकण निघालं, आतली वायर लोखंडाला टेकली आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना.

आता आमच्या गल्लीत हॉर्न म्हणजे दूध. संध्याकाळी साडेपाचला मी एक लांब हॉर्न देतो आणि घराघरातून किटल्या बाहेर पडतात. तेव्हा वाजले होते पावणेतीन. बॉनेट उघडायची तार अडकलेली. बॅटरीपर्यंत हात पोचेस्तोवर पाच मिनिटं हॉर्न वाजत राहिला. तो बंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या गोठ्यांतून बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज येत होता.

इकडे नट निघाला, पण स्टेअरिंग हलेना. दर यात्रेला गाडीची पूजा होते, स्टेअरिंगवर गुलाल पडतो. सत्तावीस वर्षांचा गुलाल आणि माझ्या हाताचा घाम आत बसून सिमेंट झालेला. मी दोन्ही गुडघे डॅशबोर्डला लावले आणि ओढलं. नट दोन आटे अडकवून ठेवायचा असतो, हे कृष्णातनं नंतर सांगितलं. स्टेअरिंग सुटलं ते थेट माझ्या नाकावर. मी सीटवर उताणा, छातीवर स्टेअरिंग, तोंडभर गुलाल.

"निवडून आल्यागत दिसतोयस," कृष्णात म्हणाला.

तेवढ्यात आक्का किटली घेऊन दारात उभी. गल्लीतली सगळ्यांत थोरली.

"एवढं काय बोंबलत हुतं रं तुझं? गावाला जायचं हाय व्हय कुठं?"

"आक्का, चुकून वाजला."

"चुकून? म्हस पान्हवत नव्हती, तिच्या पाया पडून धार काढली मी. घे दूध."

तिच्यामागं तीस किटल्या. डोक्यावर चैत्राचं ऊन. साडेपाचपर्यंत हे दूध टिकणार नव्हतं. आणि गल्लीच्या तोंडाला हंबीररावची नवी गाडी येऊन थांबली.

"काय दादा, स्टेअरिंग मांडीवर घिऊन बसलाय? दूध न्हिऊ काय मी?"

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. त्यानं आज नेलं तर उद्यापासून रोज तोच नेणार. मी स्टेअरिंग दांड्यावर ठेवलं, मान तिरकी करून एक डोळा मिटून पाहिलं, अगदी सरळ आलं. नट आवळला.

"किटल्या चढवा."

दूध वेळेत पोचलं. डेअरीच्या माणसानं आधी माझं नाक पाहिलं, मग दूध पाहिलं, आणि दूध घेतलं. पण मोठ्या रस्त्याला लागल्यापासून माझी नजर स्टेअरिंगवरून हटेना. गाडी नाकासमोर चालली होती आणि स्टेअरिंग पाव फेरा उजवीकडं.

सोमवार उजाडला, जोतीरामचा पत्ता नाही. तसाच गेलो. तीच चिंच, सावलीला तशीच वळवून लावलेली गाडी. तुम्ही आलात, खिडकीतून डोकावलात आणि लिहिलंत, 'स्टेअरिंग सरळ, सबब पास.'

संध्याकाळी जोतीराम प्रसाद घेऊन आला. गाडी दहा पावलं चालवली आणि खाली उतरला.

"दादा, नापास केली तवा पुढची चाकं कुठं वळलेली?"

"चिंचंखाली घालायला डावीकडं."

"आणि हितं स्टेअरिंग काढलंस तवा?"

मी कडुनिंबाकडं बघितलं. डावीकडंच.

"चाकं वळली की स्टेअरिंग वळतंय की. सरळच हुतं ते. तू वाकडं केलंस."

साहेब, चाकं मीही पाहिली नाहीत, हे कबूल. पण मी दूधवाला आहे, बघायचा पगार तुम्हाला मिळतो. सरळ होतं तेव्हा तुम्ही नापास केलंत, वाकडं झालं तेव्हा पास केलंत. जोतीराम आता ते नीट करायला निघालाय आणि मी त्याचा हात धरून ठेवलाय. तेव्हा पुढच्या वर्षी गाडी सरळ करून आणू, की वाकडीच आणून चिंचेखाली लावू? तेवढं लेखी कळवा.